डाव्या बाजूचे पाइप

हुबळीच्या लोको शेडमध्ये बाळाप्पांचं काम एकच होतं, इंजिनाच्या तोंडाला काळा रंग देणं. वाफेच्या इंजिनाचा पुढचा गोल भाग, जिथून धूर वर धुराड्यात जातो, तो इतका तापतो की साधा रंग पापुद्रे धरून गळून पडतो. तिथं लागतं डबल बॉइल, म्हणजे दोनदा उकळलेलं जवसाचं तेल, आणि ग्रॅफाइटची भुकटी. जवसाला त्या भागात अगशी म्हणतात आणि तिची चटणी घरोघर होते. बाळाप्पांची बायको चंपाबाई म्हणायची, माझ्या नवऱ्याच्या अंगाला चटणीचाच वास येतो, फक्त मीठ तेवढं कमी पडतं.

रंग वाळला म्हणजे झाला, असं बाळाप्पा मानत नसत. रंग भाजला म्हणजे झाला. शेवटचा हात दिल्यावर इंजिन हळूहळू पेटवायचं, थोडं तापवून निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं. लोखंड तापेल तसा तेलातला ओलावा निघून जातो आणि रंग लोखंडाला धरतो. तोवर तो वरून कितीही कोरडा दिसला तरी कच्चाच. त्या अवस्थेत कुणाचं तेलकट बोट लागलं, तर ते बोटही रंगाबरोबर भाजून निघतं आणि कायमचं राहतं. म्हणून भाजणी संपेपर्यंत बाळाप्पा इंजिनापाशी उभे राहत आणि कुणाला जवळ फिरकू देत नसत. सगळं झाल्यावर खालच्या अंगाला, सहसा दिसणार नाही अशा जागी, बारीक अक्षरात ‘बा’ आणि वर्ष लिहीत. शेडची रीतच तशी होती. ज्याचा रंग गळेल, त्यालाच जाब विचारता यावा.

धारवाडच्या माळमड्डीत राहणाऱ्या दत्तोपंत वकिलांकडे एक जुनी विलायती गाडी होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, बसकी, पुढून लांब नाकाची. रेल्वेतला एक इंग्रज अधिकारी मायदेशी जाताना ती दत्तोपंतांच्या वडिलांना विकून गेला होता. अशा शर्यतीच्या जातीच्या गाड्यांचे सायलेन्सरचे पाइप पोटाखालून जात नाहीत. या गाडीचेही दोन पाइप बॉनेटच्या डाव्या कुशीतून बाहेर येत आणि दाराखालून उघड्यावरच मागपर्यंत जात. गाडीची सारी ऐट त्या पाइपांत होती आणि सारी कटकटही त्यांतच. कुठलाही रंग लावा, दोन-चार फेऱ्यांत जळून जाई आणि खाली तांबूस गंज दिसू लागे. दत्तोपंतांनी बरेच पेंटर करून पाहिले. शेवटी रेल्वेतल्या एका अशिलाने सांगितलं, इंजिनाचं तोंड रंगवणारा माणूसच हे करू जाणे. हे नव्वद सालच्या सुमाराचं.

तेव्हापासून एक वर्षाआड, सुट्टी बघून, बाळाप्पा धारवाडला जात. पाइप उतरवून वायर ब्रशने घासायचे, पॉलिश पेपर मारायचा, थिनरने पुसायचे, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. पातळ पातळ हात द्यायचे. बसवल्यावर गाडी जागेवरच थोडा वेळ चालू ठेवायची, बंद करायची, पुन्हा चालू करायची. शेवटी दत्तोपंत गाडी कलघटगीच्या रस्त्याला घालत, पाइप पुरते तापेपर्यंत, आणि डाव्या सीटवर बाळाप्पा बसत. अधूनमधूनच्या निगराणीच्या गोष्टीही त्यांनी शिकवल्या होत्या. तापलेल्या पाइपावर पाणी मारू नये. गाडी बाहेर काढली तर चांगली लांब न्यावी, म्हणजे पाइपाच्या पोटात साठलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं, नाहीतर पाइप आतून सडतो. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला डबल बॉइलचा बोळा फिरवावा, निथळेल इतका नाही, नुसता ओलसर. दत्तोपंत हे सगळं कोर्टातली साक्ष ऐकावी तसं ऐकत. पण बोळा फिरवायचा मात्र त्यांना हटकून विसर पडे.

डावी बाजू ही लीलाबाईंची. त्या दत्तोपंतांच्या पत्नी. नवी नवरी म्हणून पहिल्यांदा गाडीतून उतरल्या, तेव्हा पाइप पोटरीला लागून चांगला मोठा चट्टा उठला होता. त्याची खूण शेवटपर्यंत होती. त्या म्हणत, या घरात मला सासूनं कधी चटका दिला नाही, तो मान या पाइपानं घेतला. म्हणून खंडेनवमीला गाडीची पूजा करताना पहिलं हळदीकुंकू त्या पाइपालाच लावायच्या. दुसऱ्या दिवशी ते पुसून काढलं की मागे काही राहत नसे, कारण रंग भाजून पक्का झालेला असे.

बाळाप्पा जेवणाचा डबा आणि चहाचा थर्मास घरूनच नेत. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारलेला. माळमड्डीतल्या जुन्या वळणाच्या घरात चहाचा कप कुठला द्यायचा, हा प्रश्न ना त्यांना पडावा, ना आपल्याला, एवढाच त्यामागचा हिशेब. लीलाबाईंनी पहिल्या खेपेला ते नुसतं पाहून ठेवलं. दुसऱ्या खेपेला त्या स्वतःचा रिकामा कप घेऊन अंगणात आल्या आणि थर्मासकडे बोट करून म्हणाल्या, “आमच्या घरी आज दूध नासलं. तुमच्यातला अर्धा कप मिळेल का, बाळाप्पा?”

दूध नासलेलं नव्हतं, हे बाळाप्पांना ठाऊक होतं. त्यांनी कप भरून दिला. लीलाबाईंनी पायरीवर बसून तो पूर्ण प्यायला, आणि साखर फार घालता, असं सुनावलं. पुढच्या खेपेपासून थर्मास घरीच राहू लागला.

सत्त्याण्णव साली एका पाइपाचा सांधा फुटला. वेल्डिंग करून घेण्यात वेळ गेला आणि रंगाचं काम नवरात्रापर्यंत लांबलं. दसऱ्याला बाळाप्पा आणि चंपाबाई दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्या वर्षीची तिकिटंही निघालेली होती. बाळाप्पांनी सकाळी शेवटचा हात दिला, दुपारी पाइप बसवले, आणि दत्तोपंतांना बजावून सांगितलं की हात लावायचा नाही, पाणी लावायचं नाही, गाडी चालू करायची नाही. मी परत आलो की आपण भाजू. संध्याकाळी ते नागपूरच्या वाटेला लागले.

पूजा करू नका, हे त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांच्या घरी हत्यारांची पूजा नव्हती. लोको शेडमध्ये खंडेनवमीला इंजिनांना हार घालत, कोहळे फोडत, पण बाळाप्पा दरवर्षी त्या दिवशी आगगाडीत असत. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी ती पूजा एकदाही पाहिली नव्हती.

खंडेनवमीला लीलाबाईंनी नेहमीप्रमाणे तेलात कुंकू कालवलं आणि दारापाशी खालच्या पाइपावर पाची बोटं टेकवली. आणि पूजा झालेलं वाहन जागचं हललं नाही तर ती पूजा अपुरी. चाकांखाली लिंबं ठेवलेली होतीच. गाडी चालू करायची नाही, हे दत्तोपंतांना आठवत होतं. पण नुसतं देवळापर्यंत तर जायचं, असं म्हणून त्यांनी इंजिन चालू केलं. देवळापर्यंत गेले, ओळखीचे भेटले, तिथून आणखी कुणाच्या घरी गेले. परत येईतो पाइप सणसणून तापले होते. दुसऱ्या दिवशी कुंकू पुसायला गेले, तर ते पुसलं जाईना. लाल रंग करपून विटकरी झाला होता, पण पाच बोटांचे ठसे, रेषांसकट, काळ्या रंगात बसले होते.

बाळाप्पा परत आले तेव्हा दत्तोपंत आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. लीलाबाई पायरीवर उभ्या होत्या. बाळाप्पा पाइपाजवळ उकिडवे बसून बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचं काम असं कधी झालं नव्हतं, आणि निघायच्या घाईत, भाजणीची वाट न बघता, त्याच्या खालच्या अंगाला त्यांनी ‘बा’ आणि वर्ष लिहून टाकलेलं होतं.

लीलाबाई म्हणाल्या, “हात लावू नका, असं तुम्ही यांना सांगून गेलात. मला कोण सांगणार?” आणि मग आवाज खाली आणून, “हा डाग लवकर काढा, बाळाप्पा. तोवर हे काही माझ्याशी नीट बोलायचे नाहीत. आणि मीही गाडीत पाऊल ठेवायची नाही.”

बाळाप्पांनी सांगितलं, चूक माझी आहे. पाइप पुन्हा उतरवून पार लोखंडापर्यंत घासावा लागेल, आता रजा उरलेली नाही, दिवाळी झाली की पहिलं काम हेच. लीलाबाईंनी मान हलवली.

दिवाळी झाली. आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी देवाची फुलं काढताना लीलाबाई अंगणात कोसळल्या. मेंदूतली शीर तुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. शुद्धीवर त्या आल्याच नाहीत.

बाळाप्पा आणि चंपाबाई भेटायला गेले, तेव्हा गाडीवर ताडपत्री होती. दत्तोपंत सगळ्यांशी दोन दोन शब्द बोलत होते, त्यांच्याशीही बोलले. पाइपाची गोष्ट काढण्याची ती वेळ नव्हती. होळीनंतर बाळाप्पा रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माळमड्डीला गेले. दत्तोपंत दारातच म्हणाले, आता नको. पुढच्या वर्षी गेले, तेव्हा म्हणाले, राहू द्या. त्यानंतर बाळाप्पा गेले नाहीत आणि बोलावणंही आलं नाही.

वाफेची इंजिनं तोवर बंद झाली होती. बाळाप्पांनी उरलेली नोकरी डब्यांना आणि खांबांना रंग देण्यात काढली आणि निवृत्त झाले. आयुष्यात हजारो हात दिले असतील, पण मन परत परत जाई ते त्या एका पाइपाकडे. चंपाबाई म्हणायची, “तोंड आहे ना तुम्हाला? जाऊन सरळ विचारा की.” बाळाप्पा म्हणत, एकदा बिघडवलं त्याच्या हाती दुसऱ्यांदा कोण देईल. माणसाचा विश्वास उडाला की तो तोंडानं सांगत नाही, बोलवायचं बंद करतो. याशिवाय आणखीही एक शंका त्यांना येई. त्या घराचं दार लीलाबाईंमुळे उघडं होतं आणि त्यांच्याबरोबर ते मिटलं, अशी. ती त्यांनी चंपाबाईलाही कधी बोलून दाखवली नाही. मात्र घरातला थर्मास त्यांनी घासून पुसून पुन्हा फळीवर काढून ठेवला. बाहेर कुठेही कामाला जाताना तो त्यांच्या पिशवीत असे.

दोन हजार पाच साली बाळाप्पा अमरगोळच्या बाजार आवारात एका अडत्याच्या दुकानाचं शटर रंगवत होते. खोकला वाढला होता, तोंडाला पंचा बांधून काम चाललं होतं. तिथं श्रीवत्स शोधत आला. दत्तोपंतांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. वडिलांच्याने आता गाडी सांभाळणं होत नाही, म्हणून ती तो पुण्याला नेणार होता. पुढच्या महिन्यात तिथं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं.

“बाळाप्पाअण्णा, बाकी सगळं मी करून घेतो,” तो म्हणाला, “पण पाइप तुमच्याच हातचे पाहिजेत. आणि तो डाग तेवढा काढा. परीक्षक पहिलं तिथंच बघतात.”

अप्पांना, म्हणजे दत्तोपंतांना, विचारलंत का, असं बाळाप्पांनी विचारलं. विचारलं, श्रीवत्स म्हणाला, ते म्हणाले तुझी गाडी, तुला योग्य वाटेल ते कर.

घरी येऊन बाळाप्पांनी तोंडाचा पंचा सोडायच्या आतच चंपाबाईला सगळं सांगितलं. चंपाबाईने बरण्यांच्या मागून ग्रॅफाइटचा जुना डबा काढून दिला. तेल ताजं हवं म्हणून ते स्वतः धारवाडला सुभाष रोडच्या दुकानात गेले. डाग काढायचा, पाइप पहिल्यासारखा करायचा, आणि खाली नवं वर्ष लिहायचं. मग आपल्या नावावर काही शिल्लक उरणार नाही, असा त्यांचा विचार होता. हात अजून स्थिर होता. पुढच्या वर्षी राहील की नाही, याची खात्री नव्हती.

ठरल्या दिवशी श्रीवत्सने ताडपत्री काढली आणि तो टायरवाल्याकडे निघून गेला. दत्तोपंत ओसरीत खुर्चीवर बसले होते. बरेच वाळले होते. त्यांनी हात वर केला, बाळाप्पांनी नमस्कार केला, आणि पिशवीतून वायर ब्रश, पॉलिश पेपर, फडकी काढून मांडली. थर्मासही काढला आणि बाजूला ठेवला.

वरचा पाइप पुढून मागपर्यंत गंजला होता. रंगाचे पापुद्रे नुसत्या बोटाने निघत होते. इतकी वर्षं हात लागला नाही तर होणार तेच झालं होतं. खालचा पाइपही पुढच्या अंगाला तसाच. बाळाप्पा पुढून सुरुवात करून घासत घासत दाराखालपर्यंत आले आणि थांबले.

ठशांच्या भोवती, हातभर लांबीत, गंजाचा कण नव्हता. रंग काळा कुळकुळीत होता. पाची बोटं जशीच्या तशी होती, करंगळीच्या टोकाची रेघसुद्धा. बाळाप्पांनी वाकून वास घेतला. डबल बॉइल. आणि शिळं नाही, याच आठवड्यातलं. त्यांनी फडक्याचं टोक टेकवून पाहिलं. तेल निथळत नव्हतं, नुसतं ओलसर होतं. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसं.

त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. मागे काठी वाजली. दत्तोपंत पायऱ्या उतरून आले होते आणि गाडीला धरून उभे होते.

बाळाप्पा म्हणाले, “साहेब, मला वाटलं, तुमचा माझ्यावरचा भरवसा गेला.”

दत्तोपंत पाइपाकडे बघतच म्हणाले, “तुम्हाला काम दिलं असतं, तर तुम्ही ते चोख केलं असतं, बाळाप्पा. म्हणून दिलं नाही. सांगायला हवं होतं. पण हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या पाच बोटांपायी मी तिच्याशी दिवाळीपर्यंत धड बोललो नव्हतो. तिला म्हणालो होतो, तुला गाडीतलं काय कळतं.”

बाळाप्पांनी विचारलं, मग मुलाला हो का म्हणालात. दत्तोपंत म्हणाले, त्याला आईचा हात दिसत नाही, डाग दिसतो. त्यात त्याचा काय दोष? मीही पहिल्यांदा डागच पाहिला.

बाळाप्पा पाइपापाशी उकिडवेच होते. पायाशी घासायचा कागद पडला होता. ज्या एका कामासाठी ते इतकी वर्षं झुरले, ते अर्ध्या तासाचं होतं. मग त्यांनी पिशवीतून चिकटपट्टी काढली, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, तो ठशांवरून पाइपाभोवती गोल गुंडाळला आणि कडा नीट बंद केल्या. उरलेला पाइप लोखंडापर्यंत घासला. जुना रंग आणि नवा रंग जिथं भेटणार, तिथं बारीक कागदाने उतार काढला, म्हणजे सांधा दिसू नये.

श्रीवत्स परत आला तेव्हा पहिला हात होऊन गेला होता. त्याने कागदाकडे बोट दाखवलं. बाळाप्पांनी शांतपणे सांगितलं की तेवढं काम माझ्याकडून होणार नाही. दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर घ्या, पण आधी अप्पांजवळ बसून विचारा. श्रीवत्स वडिलांकडे गेला. ओसरीत बराच वेळ बोलणं चाललं होतं, त्यातलं बाळाप्पांना काही ऐकू आलं नाही. मग श्रीवत्स खाली आला, त्याने कागदाची एक कड हळूच उचलून आत पाहिलं आणि पुन्हा नीट चिकटवली. थोड्या वेळाने तोंड धुऊन आला आणि म्हणाला, “कुणी विचारलं, हे काय आहे, तर काय सांगू?”

“पूजा आहे म्हणून सांगा,” ज्यांनी जन्मात कधी पूजा केली नव्हती ते बाळाप्पा म्हणाले.

पाइप वाळेपर्यंत कुणी हात लावला नाही. भाजणीच्या दिवशी बाळाप्पा पुन्हा आले आणि त्यांनी आधी ठशांवरचा कागद सोडवला. गाडी जागेवर चालू केली, बंद केली, निवली, पुन्हा चालू केली. या खेपेला कलघटगीच्या रस्त्याला श्रीवत्सने गाडी नेली आणि डाव्या सीटवर दत्तोपंत बसले. बाळाप्पा फाटकात उभे राहून आवाज ऐकत राहिले. ते परत आले तेव्हा पाइपांतून तेल भाजल्याचा तो ओळखीचा वास येत होता. नवा रंग धरला होता. ठसे होते तिथंच होते.

आता शेवटचं काम उरलं होतं. बाळाप्पा बारीक ब्रश घेऊन गाडीखाली वाकले. वरच्या पाइपाखाली त्यांनी ‘बा’ आणि चालू वर्ष लिहिलं. खालच्या पाइपावर, ठशांच्या नेमकं खाली, जुनं ‘बा’ आणि सत्त्याण्णव साल अजून वाचता येत होतं. दत्तोपंत वाकून बघत होते. ते म्हणाले, “हे जुनं खोडून टाका हवं तर. प्रदर्शनात कुणी बघेल, नाव तुमचं खराब होईल.”

बाळाप्पांनी ब्रश थिनरमध्ये बुडवून स्वच्छ केला आणि फडक्यात गुंडाळून ठेवला.

“राहू द्या, साहेब. बिघडलेलं काम माझंच आहे.”

त्यांनी तेलाची बाटली आणि एक स्वच्छ बोळा श्रीवत्सच्या हातात दिला आणि किती ओलसर करायचा ते पिळून दाखवलं. मग हात धुतले, पायरीवर बसले आणि थर्मास उघडला. दत्तोपंतांनी आत जाऊन स्वतःच्या हाताने एक रिकामा कप आणला आणि थर्मासपुढे धरला.